नावड्याहून महामार्गावर : टायरवर किती, कशावर आणि कधी खर्च करावा

नावडे, रोडपाली, तळोजा या भागात राहणाऱ्या कारमालकाला वेगाचे दोन रस्ते अगदी जवळ आहेत. नावडे फाट्यावरून कळंबोलीकडे वळलं की काही मिनिटांत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. उलट दिशेला शीळफाटा आणि भिवंडीमार्गे आमण्याला पोहोचलं की समृद्धी महामार्ग लागतो. तो ५ जून २०२५ला आमणे ते नागपूर असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. द्रुतगती मार्गावर कारला ताशी १००ची मर्यादा आहे, समृद्धीवर सपाट भागात १२०ची. रोजची गाडी कामोठे-बेलापूरच्या सिग्नलांतून चाळीसच्या वेगाने फिरते आणि तीच गाडी शनिवारी सलग दोन तास शंभरने धावते. टायरची खरी परीक्षा तेव्हा होते, आणि टायरवर पैसे कुठे घालायचे हे त्या दोन तासांचा विचार करून ठरवायला हवं. आता तर गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून होडी, बाइक किंवा कॅम्पिंगचं सामान नेण्याची हौसही वाढू लागली आहे. त्याचा हिशेब वेगळा आहे, त्याकडे पुढे येतोच.

दुकानात जाण्याआधी स्वतःच्या गाडीचा टायर वाचा. समजा कडेला १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलं आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या तुलनेत कडेची टक्केवारीतली उंची, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. बहुतेक लोक इथेच थांबतात, दुकानदारही इतकंच विचारतो. जीव ज्यावर अवलंबून आहे ते मात्र शेवटच्या दोन खुणांमध्ये असतं. ८८ हा भाराचा आकडा आहे : एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलेल. ८२ असेल तर ४७५ किलो, ९१ असेल तर ६१५, ९५ असेल तर ६९०. एच हे वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी २१० किलोमीटर. एस १८०, टी १९०, व्ही २४०. खालच्या बाजूला क्यू १६०, एन १४०, एल १२०, के ११० आणि जे १००. एच हे अक्षर टी आणि व्ही यांच्या मध्ये येतं, वर्णमालेच्या क्रमाने नाही, त्यामुळे अंदाजाने वाचू नका.

आपल्याकडे कायद्याने १२०च्या वर कुणी जायचंच नाही, मग २१०चं अक्षर कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या अक्षराची चाचणी कशी होते त्यात आहे. प्रयोगशाळेत नवा, धडधाकट टायर ठरलेल्या हवेने भरून, ठरलेला भार देऊन फिरत्या ड्रमवर पळवतात आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्या वेगाला तो टिकला तर ते अक्षर मिळतं. म्हणजे अक्षर खरं ठरायला टायर नवा हवा, हवा बरोबर हवी, भार मर्यादेत हवा आणि टायरला इजा झालेली नसावी. यातली एक गोष्ट बिघडली की अक्षर तेच राहतं, टायरची ताकद मात्र उतरते. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. शंभरच्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. त्या वाकण्यातून रबराच्या आत उष्णता साठते, आतल्या पट्ट्यांची पकड सुटते आणि टायर फुटतो. काँक्रीटचा रस्ता तापतो म्हणून टायर फुटतात, असं समृद्धीबद्दल बरंच बोललं जातं. तापलेला रस्ता भर घालतो हे खरं, पण मूळ आग टायर स्वतःच्या वाकण्यातून तयार करतो, आणि ते वाकणं हवा नि भार ठरवतात.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. कंपनीने गाडीला जे अक्षर दिलं त्याच्या खाली कधी जाऊ नका. त्याच्या वरच्या अक्षरासाठी मात्र जादा पैसे मोजू नका. ते पैसे हवा, वय आणि भार यांवर घाला.

सर्वांत स्वस्त खर्चापासून सुरुवात करू. हवेचा बरा डिजिटल काटा ३०० ते ८०० रुपयांत मिळतो. सिगारेट लायटरच्या खाचेवर चालणारा छोटा पंप १,५०० ते ४,००० रुपयांत. वर्षाला एक पंक्चर वाचलं तरी काट्याचे पैसे वसूल होतात. हवा किती हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान भरलं असेल तर मागच्या चाकांसाठी बहुधा वेगळा, मोठा आकडा असतो, तो वाचा. टायरच्या कडेवर छापलेला पीएसआयचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे घरून निघून दोन-एक किलोमीटरच्या आत. नावड्यातून निघणाऱ्याने फाट्याच्या आसपासच्या पंपावरच हवा पाहावी. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत पोहोचेस्तोवर टायर तापतो आणि ३३ भरलेली हवा ३७-३८ दाखवते. तिथे कुणी 'जास्त झालीय, कमी करतो' म्हणालं तर करू देऊ नका. टायर थंड झाला की ती २८-२९वर येईल आणि परतीच्या प्रवासात तोच टायर धोक्याचा होईल.

नायट्रोजनचे चाकामागे १० ते ५० रुपये घेतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने हवा थोडी हळू उतरते, ओलावा कमी राहतो, इतकाच फायदा. परवडत असेल तर भरा, पण नायट्रोजन भरला म्हणून महिनाभर काटा न लावणं हे साध्या हवेपेक्षाही वाईट.

आता नवे टायर. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५,००० असेल तर पूर्वी बिल ६,४०० व्हायचं, आता ५,९०० होतं. कुणी जुना माल म्हणून जुनाच दर सांगितला तर बिलावरचा कर पाहून बोला. माझ्या अंदाजाने बाजारातले भाव साधारण असे : छोट्या हॅचबॅकचा १४ इंची टायर ३,८०० ते ५,०००, १८५/६५ आर१५ हा ४,५०० ते ६,५००, मध्यम एसयूव्हीचा १६ इंची ६,५०० ते ९,५००, १७ इंची ८,५०० ते १३,०००. एकाच मापात एस, टी आणि एच अशी तिन्ही अक्षरं दुकानात एकाच वेळी क्वचितच मिळतात. ब्रँड बदलला की अक्षर बदलतं, म्हणून फोनवर भाव विचारताना फक्त माप सांगू नका. 'अठ्ठ्याऐंशी एच, तयार झाल्याचा आठवडा कोणता?' असं विचारा. एवढं विचारलं की पलीकडचा माणूस सावध होतो आणि गोदामातला जुना माल पुढे सरकवत नाही.

१८५/६५ आर१५चे चार टायर ५,५०० दराने घेतले तर २२,००० होतात. व्हॉल्व्ह ४ × ६० म्हणजे २४०. बॅलन्सिंग चाकाला १०० धरून ४००, अलाइनमेंट ५००. एकूण २३,१४०. हे टायर ४०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरमागे सुमारे ५८ पैसे पडतात. याच्याशी १,०००-२,००० रुपयांत मिळणारा सेकंडहँड टायर तोलून पाहा. रस्त्याच्या कडेच्या अनेक दुकानांत असे टायर काळ्या पॉलिशने चमकवून ठेवलेले असतात. काहींच्या नक्षीत पुन्हा खाचा कोरलेल्या असतात. बाहेरून नवा दिसतो, आतल्या पट्ट्यांचं काय झालंय हे कुणालाच ठाऊक नसतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीसाठीही मी तो सुचवणार नाही, महामार्गासाठी तर मुळीच नाही.

टायरचं वय पाहायला कडेवर चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. खरेदी करताना सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षापेक्षा जुना घेऊ नका. गाडी कमी चालते म्हणून टायर टिकतो हा समज महागात पडतो. उन्हात, इमारतीच्या आवारात उभ्या गाडीचं रबर वापराविनाही कडक होतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून आत-बाहेर तपासून घ्यावा. दहा वर्षांच्या पुढे, नक्षी कितीही शाबूत असो, काढूनच टाकावा. स्टेपनीलाही हाच नियम. आणि टायरवर आयएसआयचा शिक्का असलाच पाहिजे, कारच्या टायरसाठी तो आयएस १५६३३ या मानकाखाली असतो.

नक्षीबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. टायरच्या खाचेत तेवढ्या उंचीच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशालाच अडवून परत पाठवायची मोहीम घेतली होती, ती याच निकषावर. पण कायद्याची मर्यादा म्हणजे शेवटची पायरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बोरघाटात पाण्याचे लोट रस्त्यावरून वाहतात. तीन मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी पाणी पुरेसं फेकू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू शकते. म्हणून मी मे महिन्यातच तीन मिलिमीटर हा निकष लावतो. खोली मोजायचा काटा शंभर-अडीचशे रुपयांत मिळतो.

पंक्चरचंही सांगायला हवं. ट्यूबलेस टायरला बाहेरून दोरी ठोकून केलेलं पंक्चर १०० ते २०० रुपयांत होतं. ते तात्पुरतं समजा, महामार्गावर लांब जायचं असेल तर टायर उतरवून आतून छत्रीसारखा पॅच लावून घ्या, ३०० ते ५०० रुपये लागतील. कडेला छेद गेला असेल किंवा फुगा आला असेल तर कुणीही काहीही सांगो, तो टायर दुरुस्त होत नाही. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले, बाहेर फक्त रबराचा थर उरला.

मागे ट्रेलर असेल तर

कळंबोलीच्या लोखंड बाजारामुळे आपल्या भागात ट्रेलर म्हटलं की पोलादाची कॉइल वाहणारी लांब गाडी डोळ्यांपुढे येते. त्या गाड्यांच्या टायरवर १४६/१४३ के असं काही लिहिलेलं असतं : चाक एकटं असेल तर ३,००० किलो, जोडचाक असेल तर प्रत्येकी २,७२५ किलो, आणि ताशी ११० किलोमीटर. हे टायर भारासाठी बनलेले आहेत, वेगासाठी नाहीत. त्यामुळे मालवाहू गाडीला ८०ची मर्यादा घातली ती योग्यच आहे. पण कारमालकाला या गाड्यांकडून शिकण्यासारखं आहे ते हे, की भार आधी मोजायचा आणि वेग नंतर.

खासगी कारमागे छोटा ट्रेलर लावायचा विचार असेल तर पहिला खर्च पैशाचा नाही. गाडीची पुस्तिका उघडा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला, वेल्डिंग करून हूक बसवून देणारा कुणीही भेटला तरी. गाडीसोबत हत्यारांच्या पिशवीत मिळणारी फिरकीची कडी बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असते, ट्रेलरसाठी नाही. मागच्या बंपरला लावलेला शोभेचा गार्डही त्या कामाचा नाही. पुस्तिका परवानगी देत असेल तर ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. एमएच-४६ पासिंगच्या गाडीसाठी पनवेलच्या परिवहन कार्यालयात आधी कागद विचारा, मग ट्रेलर बनवायला टाका. उलटा क्रम केला तर ट्रेलर आवारातच उभा राहतो. आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हूक दिसला आणि पॉलिसीत नसला तर दावा अडकू शकतो.

आता भाराचं गणित, कारण टायरचा निर्णय यावरच आहे. समजा सामानासह ट्रेलर ७५० किलोचा आहे. चालताना तो डोलू नये म्हणून त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या टोकावर, म्हणजे गाडीच्या हूकवर यावा लागतो : ७५ किलो. हूक मागच्या चाकांच्या एक मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे असं धरू. तर मागच्या चाकांवर ७५ नाही, १०५ किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात. एका मागच्या टायरवर ५२ किलो जास्त. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर हा टायर आधीच मर्यादेजवळ असतो. पुढचं चाक हलकं झाल्याने ओल्या रस्त्यावर स्टिअरिंगही सैल वाटतं, ते वेगळंच.

उरलेले ६७५ किलो ट्रेलरच्या दोन टायरवर, म्हणजे प्रत्येकी ३३८. छोट्या ट्रेलरला बहुधा जुन्या छोट्या कारचा १४५/८० आर१२ बसवतात. त्याचा भाराचा आकडा ७४ असेल तर मर्यादा ३७५ किलो. कागदावर ३७ किलोची फट उरते. सामान एका बाजूला सरकलं की ती संपते. त्याच्यावर १८०चं अक्षर असेल, पण भार मर्यादेला टेकलेला आणि हवा पाच पीएसआय कमी असेल तर ८०च्या वेगालाही तो तापतो. गंमत अशी की कारचा टायर बसला तर ड्रायव्हरला लगेच कळतं. ट्रेलरचा टायर बसला तर पुढे काहीच जाणवत नाही, फुटल्यावरच कळतं. म्हणून ट्रेलरसाठी नवे, एका वयाचे दोन टायर आणि तिसरी स्टेपनी घ्या. या मापाला २,५०० ते ३,५०० रुपये प्रत्येकी, म्हणजे तिन्ही मिळून साडेसात ते साडेदहा हजार. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे हवेचे सेन्सर २,००० ते ६,००० रुपयांत मिळतात. कारला नसले तरी चालेल, ट्रेलरच्या चाकांना जरूर लावा. माझ्या मते या सगळ्या यादीत याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

ज्या देशांत कारमागे कॅरव्हॅन ओढणं रोजचं आहे, तिथे हे नियमांत उतरलं आहे. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या कारला साधारण ताशी ८०ची मर्यादा असते. १००ची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत आणि त्यांवर किमान एल, म्हणजे १२०चं अक्षर हवं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. अमेरिकेत ट्रेलरसाठी वेगळ्या जातीचे टायर येतात, आणि त्यांवर वेगाचं अक्षर नसेल तर ते ६५ मैलांपुरतेच समजतात. तिथल्या मराठी कुटुंबांनी भाड्याने कॅरव्हॅन घेताना हे अक्षर शोधावं. आपल्याकडे मी ८०च्या पुढे जाऊ नये असं म्हणेन, आणि घाटात फलकावर लिहिलेल्या मर्यादेच्याही खाली. वेग ८०वरून १०० झाला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि छोट्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार कारच्या ब्रेकवर. बोरघाट उतरताना गिअर खालचा ठेवा, पाय सतत ब्रेकवर नको.

ट्रेलर मागे डोलू लागला तर जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगने सावरायचा प्रयत्नही करायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी आपोआप मंदावू द्या. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवा. डोलण्याचं कारण जवळजवळ नेहमी मागे गेलेलं वजन असतं.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. इथे दिसणाऱ्या कॅरव्हॅन बहुतेक ओढायच्या नसतात, व्हॅनवरच बांधलेल्या असतात. भाड्याने घ्याल तेव्हा दोन गोष्टी पाहा. पहिली, टायरचं वय, कारण या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. दुसरी, पाण्याची टाकी. २०० लिटर म्हणजे २०० किलो, शिवाय गॅस, बॅटऱ्या, पलंग. त्यामुळे टायर व्हॅनचाच हवा, ज्यावर मापानंतर सी असतं आणि ११३/१११ असे दोन भारांचे आकडे असतात (एकट्या चाकाला १,१५० किलो, जोडचाकाला १,०९०). त्याजागी कारचा टायर बसवलेला दिसला तर ती गाडी घेऊ नका, आगाऊ रक्कम बुडाली तरी.

गाडी बंद पडली तर

दोरीने ओढणं म्हणजे स्वस्तातला उपाय असं वाटतं. नियम असा की दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीत परवाना असलेला माणूस स्टिअरिंगवर हवा, 'ऑन टो' असा फलक हवा, वेग २५च्या आत हवा, आणि तेही फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत. द्रुतगती मार्गावर शंभरच्या प्रवाहात पंचवीसने चालणं म्हणजे जीव गमावण्याची तयारी. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी तर चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नये, गिअरबॉक्स किंवा मोटर जाते. सपाट ट्रकवर चढवून न्यायला आपल्या परिसरात साधारण २,००० ते ४,००० रुपये लागतात, घाटातून आणायचं तर जास्त. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीची जोड बहुधा काही शे ते हजार रुपयांत वर्षभर मिळते. नूतनीकरणाच्या वेळी ती घ्या, पण ओढून नेण्याचं अंतर किती आणि त्यात ट्रेलरही येतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

टायर घेताना बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक आणि तयार झाल्याचा आठवडा लिहून मागा. वॉरंटीचा दावा त्याशिवाय पुढे सरकत नाही. जुने टायर तिथेच सोडले तर १०० ते ५०० रुपये वजा करून मागता येतात. गोटा झालेले किंवा फुगा आलेले असतील तर तुमच्यासमोर कडेला चीर मारायला सांगा, म्हणजे ते पॉलिश होऊन पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत.